तीन जखमी म्हणजे एक मेलेला

जर्मनीतल्या कासेलला राहायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी मला पहिला वाक्प्रचार शिकवला तो 'आब नाख कासेल'. शब्दशः घ्यायचा तर 'निघा कासेलला'. वापर मात्र आपल्या 'चला, चालू पडा' सारखा. पोर अंथरुणातून उठत नसलं की आई म्हणते, पाहुणा उंबऱ्यावर रेंगाळला की यजमान मनातल्या मनात म्हणतो. मी तर कासेलमध्येच राहत होतो, त्यामुळे मला तो कुणी म्हटला की जायचं कुठे हा प्रश्नच.

पण कासेलच का? याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की 1870 साली सेदानच्या लढाईत फ्रान्सचा तिसरा नेपोलियन जर्मनांच्या हाती लागला आणि त्याला कासेलच्या विल्हेल्म्सह्योऽ राजवाड्यात कैदेत आणून ठेवलं, तेव्हा लोकांनी ही आरोळी उचलली. दुसरी गोष्ट त्याच्या शंभरेक वर्षं आधीची. अमेरिकेला पाठवायची पोरं गावोगावहून गोळा करून कासेलला आणत, तेव्हाची. बाई म्हणाल्या, "पहिली पुस्तकातली. दुसरी आमच्या आजीची." आणि विषय तिथेच ठेवून त्या बटाटे सोलायला लागल्या.

डिसेंबरमध्ये तिथे दुपारी साडेचारला दिवे लागतात. अशाच एका अंधाऱ्या रविवारी त्यांनी कपाटातून एक डीव्हीडी काढली. 1976 सालची मालिका, नाव 'डेअर विंटर, डेअर आइन झोमर वार', म्हणजे 'जो उन्हाळा होता असा हिवाळा'. झांड्रा पारेट्टी या लेखिकेच्या कादंबरीवरची, दिग्दर्शक फ्रित्झ उमगेल्टर. बाई तेव्हा शाळेत होत्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून सगळीकडे गाजावाजा चाललेला, आणि इकडे हेसन प्रांतातल्या घराघरांत लोक टीव्हीसमोर बसून बघत होते की त्या स्वातंत्र्याच्या विरुद्ध लढायला आपले खापरपणजोबा कसे गेले.

माझी जर्मन तेव्हा दुकानात पाव मागण्यापुरती. त्यामुळे मी संवाद सोडून बाकी सगळं बघत बसलो. विग, बुटांचे बक्कल, घोड्यांची तोंडं. अशा मालिकांचा एक दोष आपल्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. गणवेश नेहमी नुकते धोब्याकडून आलेले दिसतात. आणि गोष्ट नेहमी वरच्या थरातली: घराणं, मानापमान, टपोऱ्या डोळ्यांची एक बाई. फौज असते, पण ती मागे, पडद्यासारखी. ढोल वाजतो, रांग पुढे सरकते, आणि कॅमेरा परत त्या बाईकडे. मी रांगेतल्या एकाच माणसाकडे बघत राहिलो, दुसऱ्या ओळीतला, थोडा ठेंगणा, बंदूक खांद्यावर नीट बसत नव्हती त्याची. एक्स्ट्रा असणार. दिवसाच्या भत्त्यावर आलेला.

उमगेल्टरबद्दल एक गंमत मला पुढे कळली. 1959 साली याच माणसाने सैबेरियातल्या छावणीतून पळून पायी घरी परतणाऱ्या जर्मन कैद्याची मालिका केली होती, आणि ती बघायला म्हणे रस्ते ओस पडत. एक मालिका घरी परतणाऱ्याची, एक घरून नेलेल्यांची.

मालिका थांबवून मी बाईंना विचारलं, हे भाडोत्री सैनिक होते ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. "फरकाउफ्ट," त्या म्हणाल्या. विकलेले.

इतिहासकारांना हे दोन्ही शब्द मान्य नाहीत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. भाडोत्री तो, जो स्वतःचा भाव स्वतः ठरवतो. इथे सौदा दोन राजांत झाला. हेसन-कासेलचा लांडग्राफ, म्हणजे तिथला राजा, दुसरा फ्रीडरिश (हा इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्जचा जावई, म्हणजे व्यवहार घरातलाच) आणि तिसरा जॉर्ज यांच्यात जानेवारी 1776 मध्ये तह झाला. फ्रीडरिशने फौज द्यायची, इंग्लंडने तिचा खर्च, पगार आणि वर दरसाल साडेचार लाख क्राऊन द्यायचे. कासेलखेरीज हेसन-हानाऊ, ब्राउनश्वाइग, आन्सबाख-बायरॉइट, वाल्डेक आणि आनहाल्ट-त्सेर्ब्स्ट यांनीही असेच तह केले. सगळे मिळून सुमारे 30,000 माणसं समुद्रापार गेली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या हेसन-कासेलची. म्हणून अमेरिकेत आजही त्या सगळ्यांना सरसकट 'हेसियन' म्हणतात, ब्राउनश्वाइगवाला कितीही ओरडला तरी.

याला जर्मन इतिहासकार जो शब्द वापरतात त्याचं मराठी मला शोधावं लागलं नाही, तो शाळेतच पाठ झाला होता: तैनाती फौज. फक्त चाक उलटं फिरवायचं. आपल्याकडे राजा पैसे देई आणि इंग्रजाची फौज उरावर बसवून घेई. तिकडे इंग्रज पैसे देई आणि राजाची फौज उचलून नेई. दोन्हीकडे राजाच्या सहीखाली दुसऱ्याच कुणाचा तरी जीव. वसईच्या तहावर 1802 च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने सही केली, तोवर कासेलचा पैसा वाड्यांत, बागांत आणि पुतळ्यांत केव्हाच जिरला होता.

तहांतली कलमं वाचायला मला आवडतात. तलवारीपेक्षा तिथे माणूस जास्त उघडा पडतो. ब्राउनश्वाइगच्या तहात एका शिपायामागे भरतीचे 30 क्राऊन ठरले. एखादा मारला गेला तर त्याच्या जागी नवा भरावा लागणार, म्हणून त्याचे पुन्हा 30 क्राऊन. इथवर कुणीही समजून घेईल. पण पुढे एक वाक्य आहे, सहज जाता जाता लिहिलेलं: तीन जखमी म्हणजे एक मेलेला असं धरावं. आणि तसं का, तर 'रिवाजाप्रमाणे'. म्हणजे हा हिशेब त्या दिवशी कुणाला सुचला नव्हता, तो आधीपासून चालत आलेला होता. कारकुनाने टाक बुडवला, रिवाज लिहिला, आणि पुढच्या कलमाकडे वळला. एकाचा पाय, दुसऱ्याचा डोळा, तिसऱ्याचा हात, बेरीज एक.

हे वाचलं त्या रात्री मला एक एक्सेल शीट आठवली. मला पुण्याच्या एका कंपनीने इकडे पाठवलं होतं, दोन वर्षांच्या बाँडवर. आमच्या भाषेत 'ऑनसाईट'. आल्यावर तिसऱ्याच महिन्यात कुणीतरी चुकून एक मेल सगळ्यांना धाडली, तिला ती शीट जोडलेली. 'रिसोर्स' असं मथळ्याचं एक खानं, त्याखाली आमची नावं. पुढे दिवसाचा दर, युरोत, कंपनी आमच्यामागे घेई तो. मला मिळणारा नव्हे. माझ्या आडनावातला 'ळ' जर्मनांच्या हातून आधीच गेला होता, त्या शीटमध्ये आणखी एक अक्षर गेलेलं. एका सहकाऱ्याच्या नावापुढे 0.5 लिहिलेलं. तो अर्धवेळ दुसऱ्या प्रकल्पावर होता. आम्ही त्याला वर्षभर 'अर्ध्या' म्हणून हाक मारत होतो. तो हसायचा. दहा मिनिटांत मेल मागे घेतली गेली, पण ते दहा मिनिटांपूर्वी करायला हवं होतं.

तुलना इथेच सोडतो, कारण ती फार लांब जात नाही. मला कुणी पकडून आणलं नव्हतं. मी तर दोन वर्षं मागे लागून हे तिकीट मिळवलेलं, आणि निघताना गावात पेढे वाटले होते. हेसनच्या शिपायांतही असे होते बरं का. इंग्लंडने त्यांना इंग्रजी दराने पगार दिला, तो घरच्यापेक्षा बराच जास्त होता, आणि पुष्कळांनी घरी पैसे पाठवले. शेताचा तुकडा भावांत वाटून संपलेला धाकटा मुलगा अमेरिकेला जायला तयार होणं यात नवल काही नाही. आमच्या भागातून सैन्यात, साखर कारखान्यावर, आणि आता संगणकावर, कोण जातं? धाकटाच.

पण पकडून आणलेलेही होते, आणि त्यांच्यातल्या एकाला लिहिता येत होतं, हे त्या लांडग्राफाचं दुर्दैव. योहान गॉटफ्रीड झॉइमे. लाइपझिगचा धर्मशास्त्राचा विद्यार्थी, 1781 साली कॉलेज सोडून पॅरिसच्या वाटेला लागला. फाखा नावाच्या गावी मुक्काम केला तिथे हेसनच्या भरतीवाल्यांनी उचलला. त्याच्याजवळ ओळखीचा कागद एकच, विद्यापीठातल्या नोंदणीचा. तो त्यांनी फाडून टाकला. कागद फाटला की माणूस कुणाचाही. झॉइमेने पुढे आत्मचरित्रात लांडग्राफाला माणसांचा दलाल म्हटलंय.

जहाजावरचं त्याचं वर्णन वाचताना हसावं की काय करावं कळत नाही. खारवलेल्या हेरिंग माशांसारखं थरावर थर लावून आम्हाला भरलं, असं तो म्हणतो. झोपायच्या एका फळीवर सहा जण, आणि चौघे झोपले की ती भरलेली. उरलेले दोघे ठोकून बसवायचे. एका कुशीवर सगळे. कूस बदलायची तर एकट्याने बदलता येत नसे, म्हणून उजव्या टोकाचा ओरडे, 'वळा!' आणि अख्खी रांग एकदम वळे. झोपेतसुद्धा कवायत. खायला डुकराचं खारं मांस आणि वाटाणे, आणि इतकी कडक बिस्किटं की ती तोफेच्या गोळ्याने फोडावी लागत. पाण्याच्या पिंपाचं झाकण काढलं की वास सुटे. असे बावीस आठवडे. आणि हॅलिफॅक्सला पोचून बघतो तो लढाई जवळजवळ आटोपलेली! झॉइमेने अमेरिकेत एकही चकमक पाहिली नाही.

परतल्यावर ब्रेमेनमध्ये हेसनवाल्यांच्या तावडीतून तो निसटला, तर प्रशियाच्या लोकांनी धरला आणि एमडेनला नेऊन त्यांच्या पलटणीत उभा केला. तिथून दोनदा पळाला, दोनदा सापडला. शेवटी जामीन भरून सुटला. आगीतून फुफाट्यात हे आपण बोलताना किती सहज बोलतो. पुढे या माणसाने 1801 च्या डिसेंबरात पाठीवर पिशवी टाकली आणि सॅक्सनीतून निघून इटलीच्या पार टोकाला सिसिलीत सिराक्यूजपर्यंत जवळपास पायी चालत गेला, केवळ जावंसं वाटलं म्हणून. त्याचं ते प्रवासवर्णनच आज लोकांना जास्त माहीत आहे. मला वाटतं, ज्याला सहा जणांत मिळून कूस बदलावी लागली त्याला एकट्याने चालण्याचं किती अप्रूप वाटलं असेल.

एका शनिवारी बाई मला गावात घेऊन गेल्या. कासेलच्या मधोमध फ्रीडरिश्सप्लात्स हा भला थोरला चौक आहे, त्यावर फ्रिडेरित्सियानुम नावाची खांबांची इमारत. 1779 साली पुरी झाली. सामान्य लोकांसाठी म्हणून बांधलेल्या युरोपातल्या अगदी पहिल्या संग्रहालयांपैकी एक. दर पाच वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा प्रदर्शनाची ही मुख्य जागा, जगभरातले चित्रकार इथे येतात. समोर लांडग्राफ फ्रीडरिश दगडी पोशाखात उभा. या माणसाला नुसता खलनायक करून मोकळं होता येत नाही, हीच अडचण आहे. त्याने ग्रंथालय उघडलं, इस्पितळ काढलं, प्रजेचे कर हलके केले. ज्यांची पोरं गेली त्यांचेच कर. हा दानशूरपणा म्हणावा की परतफेड?

शिलरला असला प्रश्न पडला नाही. त्याच्या 1784 च्या 'काबाले उंड लीबे' या नाटकात एक म्हातारा नोकर राजाच्या मैत्रिणीकडे हिऱ्यांची पेटी घेऊन येतो. ती विचारते, केवढ्याचे आहेत? तो म्हणतो, फुकटात पडले. काल सात हजार पोरं अमेरिकेला गेली, त्यांनी सगळं फेडलं. कुणावर जबरदस्ती तर नाही झाली? छे हो, सगळे राजीखुशीने! मग तो सांगतो, दोनचार आगाऊ पोरं रांगेतून पुढे झाली आणि कर्नलला विचारती झाली की राजाने माणसांची जोडी कितीला लावलीय. त्यांना तिथेच गोळ्या घातल्या, आणि मग सगळी फौज ओरडली, अमेरिका, हुर्रे! त्या नोकराचे स्वतःचे मुलगेही त्यात. हे नाटक बाईंना शाळेत होतं. त्यांनी त्या पुतळ्यासमोर उभं राहून चारपाच ओळी मला म्हणून दाखवल्या, बाजूने सायकलवाले घंटा वाजवत जात होते.

"जोडी," मी म्हटलं, "बैलांची?"

"बैलांचीच."

हिशेबाच्या वहीचा शेवट मला फार दिवस माहीत नव्हता. तीस हजार गेले, त्यांतले सतरा हजारांच्या आसपास परत आले. साडेबारा हजार आले नाहीत. शाळेत शिकवतात तसं आपण धरून चालतो की ते लढाईत पडले. लढाईत पडले सुमारे बाराशे. त्याच्या कितीतरी पट आजाराने गेले, जहाजावर, छावणीत, कैदेत. आणि उरलेले, पाच हजारांच्या घरात, जिवंत होते. आले नाहीत, बस्स.

यांची खरी सुरुवात 26 डिसेंबर 1776 ला ट्रेंटनला झाली म्हणायची. नाताळच्या रात्री वॉशिंग्टन बर्फाळलेली डेलावेअर नदी ओलांडून आला आणि सकाळी तिथल्या हेसियन तुकडीवर पडला. त्यांचा कर्नल राल जखमी होऊन मेला, नऊशेच्या आसपास पकडले गेले. ते नाताळची दारू पिऊन पडले होते ही अमेरिकेतली आवडती कथा. अभ्यासक म्हणतात, प्यालेले नव्हते, आठवडाभर रोज रात्री चकमकींनी दमलेले होते. मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. या कैद्यांना पेनसिल्व्हेनियात नेलं, आणि तिथे काय, लँकेस्टरच्या बाजूला सगळी जर्मन वस्ती! शेतकरी जर्मन, पाद्री जर्मन, पावाचा वाससुद्धा ओळखीचा. शेतकऱ्यांनी कैद्यांना मजुरीला नेलं. अमेरिकेच्या काँग्रेसने आधीच पत्रकं काढली होती, राजाची चाकरी सोडून येईल त्याला 50 एकर जमीन. पन्नास एकर! ज्याच्या बापाला घरामागे परसही पुरेसं नव्हतं त्याला.

मारबुर्गच्या सरकारी दफ्तरखान्यातल्या कागदांवरून या शिपायांच्या नावांची सूची केलेली आहे, आणि ती आता संगणकावर बघता येते. एका रात्री बाई आणि मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलो. त्यांचं माहेरचं आडनाव टाकलं. भराभर ओळी आल्या. नाव, गाव, जन्मसाल, पलटण, आणि पुढे थोडक्यात काय झालं ते. मेला. कैद. परत आला. पळाला. स्पेलिंगांचा पत्ता नाही, लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं. एकच माणूस तीन पद्धतींनी लिहिलेला, त्यामुळे तो एकदा मेलेला आणि एकदा पळालेला असाही दिसतो. बाईंनी चष्मा वर ढकलला. त्यांच्या गावचा एक सापडला, त्यांच्या आडनावाचा, पुढे 'पळाला'. त्या बराच वेळ त्या शब्दावर बोट ठेवून होत्या.

"आजी म्हणायची, तो तिकडे मेला," त्या म्हणाल्या.

मग एकदम हसल्या. "बहुतेक आजीच्या आजीला तसं म्हणणं सोयीचं होतं."

"आणि तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. "तुमच्या गावातून कुणी विकले गेले?"

मी म्हटलं, गेले नाहीत, आले. आणि त्यांना असई सांगितली.

माझं आजोळ भोकरदन-जाफराबादच्या मधल्या पट्ट्यात, असईच्या शिवाराला लागून. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज आर्थर वेलस्लीशी लढली. वाटाडे वेलस्लीला म्हणाले, नदीला उतार नाही. त्याने दुर्बीण लावली, तर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं दोन काठांवर अगदी समोरासमोर. समोरासमोर गावं आहेत म्हणजे लोक येत-जात असणार, येत-जात असणार म्हणजे उतार असणार. आमचे मामा ही गोष्ट सांगताना दरवेळी कपाळावर हात मारतात. "अन् आपल्यातल्या कोणाच्या टकुऱ्यात नाही आलं ते!"

त्या दिवशी शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य कोण होता? अँथनी पोलमन. हॅनोवरचा. एके काळचा सार्जंट, इंग्रजांची चाकरी सोडून शिंद्यांच्या पलटणीत शिरलेला, हत्तीवरून फिरणारा. वेलस्ली बगलेवर आला हे बघून त्याने हजारोंची ओळ तोफांसकट काटकोनात फिरवली. उजव्या टोकाचा ओरडला असेल, 'वळा!'. वेलस्लीचे पंधराशेहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. गोलंदाज मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून मागून तोफा डागू लागले. म्हातारपणी वेलस्लीला (तोवर तो वेलिंग्टन झाला होता) कुणी विचारलं की तुझी सर्वांत चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू सोडून तो एकच शब्द बोलला, असई.

हॅनोवर म्हटल्यावर बाई सावरून बसल्या. कारण हॅनोवरचा राजा तोच, इंग्लंडचा तिसरा जॉर्ज. त्याने हेसनवाल्यांना अमेरिकेला नेलं तसं आपल्या हॅनोवरच्या दोन पलटणी 1782 मध्ये मद्रासला धाडल्या होत्या, आणि त्या पुढच्या वर्षी कडलूरला फ्रेंचांशी लढल्या. म्हणजे असईला पोलमन स्वतःच्याच राजाच्या फौजेवर तोफा डागत होता. त्याच उन्हाळ्यात नेपोलियनने हॅनोवर घेतलं होतं, तेव्हा घर नावाची जागाही शत्रूच्या ताब्यात.

आणि त्याच्या हाताखालचे तरी कुठे आमचे? बहुतेक उत्तरेतले, गंगा-यमुनेच्या पट्ट्यातले. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही त्यात होत्या. समोर इंग्रजांच्या बाजूला मद्रासी शिपाई, स्कॉटलंडचे डोंगरी, म्हैसूरचे स्वार आणि पेशव्यांकडचे मराठे. बाईंनी कागदावर बाण काढून बघितले. "यात मराठे नक्की कुठे होते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दोन्हीकडे."

आपल्याकडे या सगळ्यासाठी नीट शब्द होते. स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. घोडं मेलं तर नुकसान कुणाचं, एवढ्यावर माणसाचा दर्जा ठरे. तिसरा गारदी. त्या शब्दावर नारायणराव पेशव्यांचं रक्त असल्यामुळे तो आपण शिवीसारखा वापरतो, पण पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदीच शेवटपर्यंत उभे होते. पोलमनला यातलं कोणतं नाव द्यावं यावर आमचा वाद झाला. बाई म्हणाल्या, तो पळालेला, बाकी काही नाही. त्याच यादीतला. मला ते पटलं. असईनंतर तो पुन्हा इंग्रजांच्या चाकरीत दिसतो.

त्या आठवड्यात मी मामांना फोन लावला. आजोळी एक लोखंडी गोळा होता, नांगरताना सापडलेला, लहान नारळाएवढा. आजी त्याने खडेमीठ फोडायची. झॉइमेची बिस्किटं वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नव्हता.

"गोळा?" मामा म्हणाले. "हाय की. मकावरची ताडपत्री उडायली म्हणून ठेवलाय त्याच्यावर. काऊन?"

"काही नाही. असंच."

"कव्हा येणार तू? बाँड संपला ना?"

बाँड संपून तेव्हा चार महिने झाले होते. मी तिकडच्याच एका कंपनीत अर्ज केला होता, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

"बघू," मी म्हटलं. "दिवाळीला."

मागे बाई भांडी विसळत होत्या. त्यांना मराठी कळत नाही, पण 'दिवाळी' कळतं.